मुखवट्यामागचे धैर्य

हॉकी हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळीचे मैदान, टोकाला वाकलेल्या काठ्या आणि पांढरा चेंडू उभा राहतो. कॅनडातील मुलाच्या डोळ्यांपुढे मात्र गोठलेले तळे येते. त्या देशात हिवाळा दीर्घ आणि कडक. नद्या, तळी, एवढेच काय, घरामागची अंगणेही बर्फाने टणक होतात. पोलादी पात्यांचे बूट घालून त्या बर्फावरून वाऱ्याच्या वेगाने घसरत जायचे आणि लांब काठीने एक काळी चकती प्रतिपक्षाच्या जाळ्यात धाडायची, हा तेथला राष्ट्रीय छंद. ही चकती कठीण रबराची असते. तिचा व्यास तीन इंच, जाडी एक इंच आणि वजन साडेपाच ते सहा औंस. ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी तिला गोठवून ठेवतात. बलदंड खेळाडूने काठी उगारून तिच्यावर प्रहार केला की ती ताशी शंभर मैलांच्या आसपासच्या वेगाने सुटते.

प्रत्येक पक्षाचे सहा गडी बर्फावर असतात. त्यांपैकी एकाने सहा फूट रुंद आणि चार फूट उंच अशा जाळ्यापुढे उभे राहून ही चकती अडवायची. तो गोलरक्षक. त्याच्या पायांना जाड गाद्या बांधलेल्या, छातीवर कवच, हातांत भक्कम मोजे. पण १९५९ सालापर्यंत या गोलरक्षकाचे तोंड उघडेच असे. नाक, डोळे, दात यांच्या रक्षणाची काहीही सोय नव्हती आणि तशी सोय मागणे हे भित्रेपणाचे लक्षण मानले जाई. ही समजूत ज्याने मोडली, त्या झाक प्लान्त या खेळाडूच्या जीवनक्रमाची ही कथा आहे.

झाक प्लान्तचा जन्म १७ जानेवारी १९२९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील एका खेड्यात झाला. घरची भाषा फ्रेंच, धर्म कॅथॉलिक आणि परिस्थिती बेताची. अकरा भावंडांत हा थोरला. वडिलांना शाविनिगन या गावी कारखान्यात काम मिळाले, म्हणून कुटुंब तेथे राहावयास गेले. थोरल्या मुलाच्या वाट्याला येते ते सारे त्याच्या वाट्याला आले. धाकट्यांना सांभाळणे, स्वयंपाकात हात लावणे, कपडे शिवणे आणि विणकाम करणे ही कामे आईने त्याला शिकविली. लोकरीच्या टोप्या विणण्याची ही सवय त्याने पुढे कीर्तीच्या शिखरावर असतानाही सोडली नाही. घरात रेडिओ नव्हता. वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या रेडिओवर सामन्याचे वर्णन सुरू झाले की हा मुलगा अंथरुणावर पडून छतातून झिरपणारे शब्द कान देऊन ऐके.

त्याला लहानपणापासून दम्याचा विकार होता. फार वेळ धावपळ केली की श्वास कोंडे. म्हणून तो जाळ्यापुढे उभा राहू लागला. जे इतर मुलांना कमीपणाचे वाटे, ते त्याच्या प्रकृतीला मानवले. बारा वर्षांचा असताना शाळेच्या संघातील गोलरक्षक शिक्षकांशी भांडून निघून गेला. त्याच्या जागी, बाकीचे गडी वयाने बरेच मोठे असतानाही, या पोराने स्वतः होऊन उभे राहण्याची तयारी दाखविली आणि ती जागा कायमची मिळविली. पुढे कारखान्याच्या संघाकडून खेळताना, वडिलांच्या सांगण्यावरून, त्याने मोबदला मागितला. सामन्यामागे पन्नास सेंट ठरले. मात्र ही गोष्ट इतर गड्यांना कळू द्यावयाची नाही, ही अट होती. धंदेवाईक खेळाडू म्हणून त्याची ही पहिली कमाई.

१९५२ च्या नोव्हेंबरात मॉन्ट्रियलच्या कनेडियन्स या नामांकित संघाने त्याला प्रथम तीन सामन्यांपुरते बोलाविले. स्वतः विणलेली लोकरीची टोपी घालून खेळण्याची त्याची सवय प्रशिक्षक डिक अर्विन यांना खपली नाही. त्याला उघड्या डोक्याने खेळावे लागले. पुढील वर्षीच्या निर्णायक फेरीत संघ शिकागोविरुद्ध दोनास तीन असा मागे पडला. आणखी एक पराभव म्हणजे हंगामाचा शेवट. अशा वेळी अर्विन यांनी या नवख्या तरुणाला जाळ्यापुढे उभे केले. त्या दिवशी बुटाचे बंद बांधताना त्याचे हात थरथरत होते असे सांगतात. पण त्याने शिकागोला एकही गोल करू दिला नाही. संघ सावरला आणि त्या वर्षी स्टॅन्ली चषक मॉन्ट्रियलला मिळाला.

१९५६ पासून १९६० पर्यंत मॉन्ट्रियलने हा चषक ओळीने पाच वेळा जिंकला. त्या पाचही वर्षी उत्कृष्ट गोलरक्षणाचे व्हेझिना पारितोषिक प्लान्तकडेच आले. त्याने खेळण्याची रीतच बदलून टाकली. पूर्वीचा गोलरक्षक खांबासारखा जाळ्याशी जखडलेला असे. प्लान्त पुढे सरसावे, जाळ्यामागे जाऊन चकती अडवी, ती आपल्या गड्याकडे सोपवी आणि प्रतिपक्षाचा माणूस कोठून येत आहे हे ओरडून सांगे. प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागे. प्रशिक्षकांचाही लागे. परंतु आज जगातील प्रत्येक गोलरक्षक हेच करतो.

या वैभवाची किंमत त्याचे तोंड चुकवीत होते. सरावात, आपल्याच सहकाऱ्यांच्या फटक्यांनी, त्याच्या गालाची हाडे दोनदा मोडली. नाक अनेकदा फुटले. चेहऱ्यावर सुमारे दोनशे टाके पडले होते, असा हिशेब सांगतात. शिवाय याच काळात खेळही अधिक भयंकर होत चालला होता. काठी खांद्यापर्यंत उगारून मारण्याचा नवा फटका रूढ झाला आणि जाळ्यापुढील गर्दीतून चकती केव्हा कोठून येईल याचा नेम राहिला नाही. प्लान्त सरावात मुखवटा घालू लागला. सामन्यात घालावयास मात्र त्याला परवानगी नव्हती.

अशी परवानगी मागण्याची छाती इतरांना का झाली नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी या व्यवसायाच्या सर्वोच्च मंडळात अवघे सहा संघ होते. म्हणजे गोलरक्षकाच्या जागा सहाच. आपल्या जागेवर डोळा ठेवून किती तरी तरुण लहान संघांतून वाट पाहत आहेत, हे प्रत्येकाला ठाऊक असे. हा घाबरला, अशी कुजबूज सुरू झाली की जागा गेलीच. तेव्हा तोंडापेक्षा पोटाची काळजी मोठी ठरे, आणि ती असहायताच पुढे शौर्य म्हणून मिरवली जाई. मुखवट्याचे प्रयोग पूर्वी झाले नव्हते असे नाही. १९३० साली क्लिंट बेनेडिक्ट या गोलरक्षकाने नाक फुटल्यावर काही दिवस चामड्याचा मुखवटा घातला होता. पण त्यातून नीट दिसेना, म्हणून त्याने तो टाकून दिला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे कोणी त्या वाटेस गेला नाही.

१९५८ मध्ये प्लान्तच्या कपाळावर चकती आदळलेली बिल बर्चमोर या गृहस्थांनी पाहिली. ते काचतंतूंच्या वस्तू बनविणाऱ्या कंपनीत काम करीत. तुमच्या चेहऱ्याबरहुकूम मुखवटा करता येईल, असे त्यांनी प्लान्तला पत्राने कळविले. चेहऱ्यावर प्लास्टरचा लेप देऊन आणि श्वासासाठी नाकपुड्यांत नळ्या ठेवून साचा घेण्यात आला. त्या साच्यावर काचतंतू आणि राळ यांचा पातळ पण चिवट, कातडीच्या रंगाचा मुखवटा तयार झाला. वजनाला तो एक पौंडाहूनही कमी होता.

प्रशिक्षकपदी आता टो ब्लेक होते. ते स्वतः नामवंत खेळाडू होते आणि मनाने दुष्ट नव्हते. त्यांची शंका अशी, की मुखवट्याच्या लहान छिद्रांतून पायाजवळची चकती दिसणार नाही, आणि तोंड सुरक्षित आहे असे वाटले की माणसाचे लक्ष ढिले पडेल. जिंकणाऱ्या संघाची घडी विस्कटण्यास कोणता कर्ता पुरुष तयार होईल? त्यांनी नकार दिला.

१ नोव्हेंबर १९५९ ची रात्र उजाडली. सामना न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होता. पहिली काही मिनिटे झाली असतील नसतील, तोच अँडी बाथगेट या न्यू यॉर्कच्या खेळाडूने मारलेली चकती प्लान्तच्या तोंडावर बसली. नाक आणि ओठ फाटून बर्फावर रक्त सांडले. थोड्याच वेळापूर्वी प्लान्तने आपल्याला आडवे पाडले होते, त्याची परतफेड म्हणून तो फटका आपण मुद्दाम तोंडाच्या रोखाने मारला, अशी कबुली बाथगेटने पुढे अनेक वर्षांनी दिली. प्लान्त आत गेला. डॉक्टरांनी टाके घातले. त्या काळी संघाबरोबर दुसरा गोलरक्षक नसे. यजमान मंडळी एखादा हौशी गडी हाताशी ठेवीत, त्याच्यावर भागवावे लागे. ब्लेक यांनी विचारले, खेळशील ना? प्लान्तने सांगितले, मुखवटा घालू द्याल तरच.

ज्याचे जळते त्यालाच कळते. आजवर ज्याने विनंती केली होती, त्याने आता अट घातली. हजारो प्रेक्षक ताटकळत होते, सामना अडला होता. ब्लेक यांचा नाइलाज झाला. सुमारे वीस मिनिटांनी प्लान्त पुन्हा बर्फावर आला, तेव्हा त्या पांढुरक्या, निर्विकार तोंडाकडे पाहून प्रेक्षागृह क्षणभर चकित झाले. मॉन्ट्रियलने तो सामना तीन विरुद्ध एक असा जिंकला.

जखम भरेपर्यंतच मुखवटा, अशी ब्लेक यांची अपेक्षा होती. पण तो सबंध महिना मॉन्ट्रियल हरले नाही आणि मुखवटा उतरविण्यास सांगण्याला निमित्त सापडेना. पत्रकारांनी टीका केली, प्रेक्षकांनी टवाळी केली. मुखवटा घालता म्हणजे भिता काय, या प्रश्नावर प्लान्तचे उत्तर ठरलेले असे. विमानातून छत्रीवाचून उडी मारणाऱ्याला कोणी शूर म्हणेल काय, असे तो उलट विचारी. पुढे १९६० च्या मार्चमध्ये, ब्लेक यांच्या आग्रहाखातर, त्याने डिट्रॉइट येथे एक सामना उघड्या तोंडाने खेळून पाहिला. तो मॉन्ट्रियलने शून्य विरुद्ध तीन असा गमावला. दुसऱ्याच सामन्यात मुखवटा परत आला, तो कायमचा. त्या वर्षीच्या अंतिम फेऱ्यांतील आठही सामने ओळीने जिंकून मॉन्ट्रियलने पाचवा चषक घेतला. टीकेला याहून सरळ उत्तर असू शकत नाही.

१९६२ साली मंडळातील सर्वांत मौलिक खेळाडूचे हार्ट पारितोषिकही त्याला मिळाले. परंतु प्लान्त एककल्ली होता, स्वतःच्या मताचा होता, सांघिक जीवनात तो सहज मिसळत नसे. दम्याचे कारण सांगून तो वेगळ्या ठिकाणी उतरे, तेही अनेकांना खुपे. १९६३ मध्ये मॉन्ट्रियलने त्याला न्यू यॉर्कला देऊन टाकले आणि बदल्यात आलेल्या गड्यांत गंप वर्स्ली हा गोलरक्षक होता. योगायोग असा, की वर्स्ली उघड्या तोंडाने खेळण्याचा कट्टर अभिमानी! १९६५ मध्ये प्लान्तने निवृत्ती घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मॉन्ट्रियलच्या तरुण संघाकडून तो एका सामन्यापुरता उतरला आणि बलाढ्य सोव्हिएत संघाला त्यांनी दोन विरुद्ध एक असे हरविले.

१९६८ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो सेंट लुई येथील नव्या संघाकडून परतला. तेथे त्याचा जोडीदार होता ग्लेन हॉल. ओळीने पाचशे दोन सामने मुखवट्यावाचून खेळलेला हा वीर! त्यानेही त्याच हंगामात मुखवटा धारण केला. दोघांनी मिळून व्हेझिना पारितोषिक घेतले. प्लान्तचे ते सातवे. मे १९७० मध्ये बोस्टनविरुद्धच्या अंतिम फेरीत चकती इतक्या जोराने तोंडावर आली की मुखवटा फुटला आणि प्लान्त बेशुद्ध पडला. मुखवट्यामुळे आपण वाचलो, असे त्याने शुद्धीवर आल्यावर सांगितले. त्यानंतरही तो टोरोंटोकडून उत्तम खेळला. बेचाळिसाव्या वर्षी, सामन्यामागे दोनांहूनही कमी गोल देऊन!

१९७२ च्या सप्टेंबरात सोव्हिएत संघ कॅनडात आला, तेव्हाची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पहिल्या सामन्यापूर्वी प्लान्त दुभाष्याला घेऊन प्रतिपक्षाचा तरुण गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक याला भेटला आणि कॅनडाचा कोणता खेळाडू कसा फटका मारतो, हे त्याला आकृत्या काढून समजावून दिले. त्रेत्याकने हा उपकार आयुष्यभर सांगितला. जाळ्यापुढे एकटे उभे राहणाऱ्याचे दुःख जाळ्यापुढे एकटे उभे राहणाराच जाणतो. त्या नात्यापुढे देशाची सीमाही प्लान्तला आड आली नाही.

१९७४ च्या वसंतात या मंडळातील शेवटचा उघड्या तोंडाचा गोलरक्षक खेळला. हट्टी वर्स्लीनेही निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या काही सामन्यांत मुखवटा चढविला. १९७८ मध्ये प्लान्तचा समावेश खेळातील थोरांच्या मालिकेत झाला. अखेरची वर्षे त्याने स्वित्झर्लंडमध्ये काढली आणि २७ फेब्रुवारी १९८६ रोजी जिनीव्हा येथे कर्करोगाने त्याचा अंत झाला.

गोलरक्षकाच्या हातून चूक झाली की मागे लाल दिवा लागतो आणि हजारो लोक हुर्यो करतात. असा उद्योग तुम्हाला आवडेल काय, असे प्लान्त विनोदाने विचारीत असे. त्या लाल दिव्याखाली तो उभे आयुष्य उभा राहिला. चकतीची भीती त्याला नव्हती, असे म्हणणे खोटे होईल. ती सर्वांनाच होती. पण लोक भित्रा म्हणतील ही दुसरी भीती पहिलीपेक्षा बलवत्तर असते आणि भल्याभल्यांची तोंडे तिनेच उघडी ठेवली होती. शाविनिगनच्या त्या दमेकरी मुलाने त्या रात्री, ताज्या टाक्यांवर मुखवटा चढवून, ही दुसरी भीती जिंकली. आज कॅनडात सहा-सात वर्षांचे पोर जाळ्यापुढे उभे राहते, तेव्हा त्याची आई प्रथम त्याच्या मुखवट्याचे बंद घट्ट करते. त्यात कोणाला काही नवल वाटत नाही.