उजेडाने उघडणारा दरवाजा



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत 'लो-पास गेट' हे नाव वाचून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "धरणाच्या दरवाजांविषयी बोलणार काय?" त्यांची चूक फार मोठी नाही. दरवाजा येथेही आहेच; मात्र त्यातून पाण्याऐवजी नाद जातो.

विजेच्या मंडलांतून नाद उत्पन्न करणारे वाद्य म्हणजे सिंथेसायझर. त्याच्या मॉड्युलर प्रकारात प्रत्येक काम वेगळ्या पेटीकडे असते व वादक तारा खोचून त्या पेट्या एकमेकींना जोडतो. ऑसिलेटर नावाची पेटी स्वर काढते, आणि एकदा सुरू झाली की काढतच राहते. तिला श्वास नाही, थकवा नाही. तिच्या स्वराला आरंभ व अंत द्यावयाचा तर सोपा उपाय म्हणजे आवाज वाढवणे आणि उतरवणे. परंतु रेडिओचा कान पिळल्यावर गाणारा दूर जातो, त्याचे गाणे काही संपत नाही!

आता देवळातली घंटा आठवा. टोल पडताच वरचे तीक्ष्ण उपस्वर उसळतात आणि लवकर विरतात. खालचे गुंजन मागे रेंगाळते. टोल जोराचा असेल तर नाद नुसता मोठा होत नाही, अधिक लखलखीतही होतो. ठोकलेल्या आणि छेडलेल्या बहुतेक वस्तूंची हीच रीत आहे. यंत्राचा स्वर आपल्याला निर्जीव वाटतो, तो पुष्कळदा त्याला असे विझता येत नाही म्हणून, असे आमचे मत आहे.

अमेरिकेत डॉन बुक्ला (1937–2016) यांनी सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमधील मॉर्टन सुबॉटनिक आणि रामोन सेंडर या संगीतकारांसाठी 1960 नंतरच्या दशकात आपले पहिले यंत्र बांधले. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग यांचे यंत्र आकाराला येत होते. मूग यांच्या पद्धतीत स्वराचे तेज छाटणारा फिल्टर निराळा आणि आवाज कमीजास्त करणारी पेटी निराळी. बुक्लांच्या 1970 च्या 200 मालिकेतील 292 क्रमांकाच्या पेटीत मात्र ही दोन्ही कामे एकाच दरवाजाकडे आली. दरवाजा मिटू लागला की उंच कंपने आधी अडतात, मग खालची. तेज आणि आवाज हातात हात घालून उतरतात.

या दरवाजाची बिजागरी म्हणजे व्हॅक्ट्रॉल. उजेड न शिरणाऱ्या इवल्याशा डबीत एक दिवा आणि त्याच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशसंवेदी रोधक, एवढाच त्याचा संसार. व्होल्टेज आले की दिवा लागतो, रोधकाचा विरोध घटतो आणि दरवाजा उघडतो. दिवा विझला तरी रोधक मात्र लगेच पूर्वस्थितीला येत नाही. उघडताना काही सहस्रांश सेकंद, मिटताना त्याच्या कितीतरी पट वेळ. तोही आधी भरभर आणि मग रेंगाळत. अचूकपणाच्या हिशेबात हा आळस दोषच होय. संगीतात मात्र त्यानेच घंटेची शेपटी मिळाली. बुक्लांनी तो हेरून घेतला की पदरी पडला नि पवित्र झाला, या वादात आम्ही शिरत नाही.

कोणी म्हणेल, फिल्टर आणि आवाजाची पेटी एकाच आज्ञेवर चालवली की झाले! पुष्कळसे होते, हे आम्ही मान्य करतो. पण तेथे विझण्याची चाल वादकाला आखून द्यावी लागते. येथे क्षणभराचा एक विजेचा झटका पुरतो. पुढचे सारे तो रोधकच पाहतो, आणि दोन रोधक अगदी सारखे क्वचितच निघतात. झटका मोठा असेल तर दिवा प्रखर, दरवाजा अधिक उघडा, स्वर अधिक लखलखीत: म्हणजे टोलाचा न्याय येथेही आलाच. साध्या स्वराला असा झटका दिला की लाकडी बोंगोवर बोट मारल्यासारखा ठोका निघतो; त्याला जाणकार 'बुक्ला बोंगो' म्हणतात.

कॅडमियम विषारी आहे. युरोपात विद्युत उपकरणांतील त्याच्या वापरावर 2006 पासून निर्बंध आले, ते योग्यच आहेत. तरी या डबीचा वारस शोधणाऱ्या कारागिरांची त्यामुळे चांगलीच कसोटी लागली आहे. नवी मंडले हाच आळस हिशेबाने घडवतात. काहींत तो साधतो. काहींत शेपटी मोजूनमापून कापल्यासारखी वाटते.

आता टेबलावरच्या या पेटीकडे लक्ष द्यावे. प्रथम आम्ही एकेक झटका देऊ, मग ते जवळजवळ आणू. दरवाजा पुरता मिटण्याआधीच पुढचा ठोका येईल आणि प्रत्येक ठोक्यात मागल्याची थोडी ऊब उरेल. मागच्या रांगेतील मंडळींनी कृपया पुढे यावे. पंखे घटकाभर बंद ठेवू.