चित्रपटातून चालत जाऊ या

चित्रपट आपण एका जागी बसून पाहतो. पण त्यातून चालत जाता आलं तर? मोठ्या शहरांतून अशी दालने खूप खर्च करून उभारतात. गावच्या शाळेत मात्र एक खोली, काही बांबू, जुन्या साड्या आणि घमेलंभर माती एवढ्यावर हे काम भागते. कसे, ते पाहू.

उदाहरण घेऊ 'श्यामची आई'चे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. मुलांना तो आधी दाखवा. मग विचारा, पडद्याने आपल्याला काय दिले नाही? डोळ्यांना दिले, कानांना दिले. पण नाक आणि तळपाय उपाशीच राहिले. आपल्या दालनाने तेवढेच द्यायचे. चित्रपटाची नक्कल करायला जाऊ नका.

पुस्तकातला तो प्रसंग आठवा. अंघोळ झालेल्या श्यामला ओल्या तळव्यांना माती लागू द्यायची नाही, म्हणून आई धोंडीवर आपले लुगडे पसरते. आता मुलांना वहाणा बाहेर काढायला सांगा. साड्यांचे पडदे बांधून चार फूट रुंदीची, एकाच दिशेने जाणारी वाट करा. आधी कोरडी माती, मग सारवलेली जमीन, मग पाण्याने भिजवलेला खरखरीत दगड आणि शेवटी मऊ सुती लुगडे. तळपायाला दगडानंतर लुगडे लागले की मास्तरांनी वेगळे सांगायला नको.

काळोख मिट्ट नको. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला बरीच मिनिटे लागतात. म्हणून वाट हळूहळू मंद करत न्या. आवाज एका वेळी एकच ठेवा. पडद्याआड एखादी मुलगी तांब्याने बादलीत पाणी ओतील, तर तेवढे पुरे. वासाचेही तसेच. नाक थोड्याच वेळात वासाला सरावते आणि दोन वास जवळ आले की दोन्ही बिघडतात. ओल्या मातीचा वास सुरुवातीला, तुळशीचा शेवटी. मधे मोकळी हवा असू द्या.

आता दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पहिली, आत ज्योत नको. निरांजन नको, उदबत्तीसुद्धा नको. कापडाला आग लागायला क्षण पुरतो. बॅटरीवरचे दिवे वापरा, बाहेर पडायचे दार उघडे ठेवा, एका वेळी पाच-सहाच मुले सोडा आणि आत एक मोठे माणूस उभे करा.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. तुमच्या वर्गात एखादे मूल बिनआईचे असेल. त्या लुगड्याशी ते अडखळेल. त्याला आधी एकट्याला बोलावून आत काय आहे ते सांगा. 'तुला यायचं तर ये, नाही तर पाणी ओतायचं काम तुझं,' असे म्हणा. मुलांना रडवणे हा या दालनाचा हेतू नाही. कोण किती हळवे झाले, याची मोजदाद करू नका.

आणि ज्याला दिसत नाही असे मूल शाळेत असेल, तर वाट आखताना त्याला सोबत घ्या. दगड किती ओला हवा आणि पाण्याचा आवाज कुठून यावा, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. अशा वाटेवर त्यालाच पुढे चालू द्या. बाकीचे त्याच्या मागून जातील.

शेवटी मुलांना निबंध लिहायला लावू नका. पाय धुऊन घ्या, ओसरीवर बसवा आणि थोडा वेळ त्यांचे त्यांना बोलू द्या. एवढे केले, की खोली पुन्हा वर्गाला मोकळी करून द्यायला हरकत नाही.