भयकथा पडद्यावर जाते तेव्हा



भुताखेतांचा विषय एका निवृत्त शाळामास्तराच्या तोंडी शोभत नाही, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु माझा खरा विषय भुते हा नसून, छापील पानावरची भयकथा रुपेरी पडद्यावर गेली म्हणजे तिचे काय होते, हा आहे. या विषयाकडे मी वळलो तो पांडित्यामुळे नव्हे, कारण मी आपला मॅट्रिक झालेला मास्तर. वळलो तो एका जुन्या चुकीमुळे.

तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. भाईंदरच्या खाडीवरून येणारा आषाढातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या दिवसाचे वर्णन सांगावयास नको. मिठागरे पाण्याखाली गेली होती, लोकलगाड्या खोळंबल्या होत्या आणि वर्गात जेमतेम वीस मुले होती. मुलांच्या आग्रहास्तव मी त्यांना नारायण धारप यांची ‘आजी’ ही कथा माझ्या शब्दांत सांगितली. घरात एकटे राहिलेले मूल, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी, आणि ती केवळ आजी नाही हा संशय, एवढेच तिचे बीज. मुले चिडीचूप झाली. मला माझ्या कथनकौशल्याचा मोठा अभिमान वाटला.

पंधरा दिवसांनी एका विद्यार्थ्याची आई शाळेत आली. तिच्या घरी खरोखरीच सासू अंथरुणाला खिळलेली होती. आणि त्या दिवसापासून मुलगा तिच्या खोलीत पाऊल टाकीत नव्हता. म्हातारी नातवाला हाका मारी, आणि तो चाळीच्या गॅलरीत कानांत बोटे घालून बसे. त्या बाई रागावल्या नाहीत, हेच मला अधिक लागले.

ही हकीकत तूर्त येथेच ठेवू या. धारप (१९२५–२००८) हे मराठी भयकथेचे मोठे नाव. त्यांच्या ‘आजी’चे मूळ अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या १९८४ सालच्या एका कथेत आहे. तेथील आजी अमेरिकेच्या एका खेड्यात खाटेवर पडलेली. ती मराठी घरात आली. पुढे १९९३ साली राही अनिल बर्वे या मुलाला त्याच्या एका मित्राने धारपांची एक कथा तोंडी सांगितली. तिने तो इतका हादरला की १९९७ साली, ऐन अठराव्या वर्षी, त्याने चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. तोच ‘तुंबाड’. त्याचे चित्रण २०१२ साली सुरू झाले, मनाजोगते उतरले नाही म्हणून पुन्हा करण्यात आले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तो प्रदर्शित झाला. भाषा हिंदी, परंतु माती, पाऊस आणि माणसे कोकणची. नाव घेतले ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ सालच्या कादंबरीवरून, जिचा भुतांशी काडीचाही संबंध नाही!

चित्रपटातील आजीला झोपविण्यासाठी ‘हस्तर’ हे नाव उच्चारावे लागते. किंग यांच्या कथेतही आजीला आवरण्यासाठी असेच एक नाव येते: ‘हस्तूर’. ते त्यांनीही जुन्यांकडूनच घेतलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अँब्रोज बियर्स यांच्या एका कथेत हस्तूर हा मेंढपाळांचा सौम्य देव होता. गरीब धनगरांचा देव हातोहात जात, बदलत, शेवटी आमच्या कोकणातल्या वाड्याखाली सोन्याच्या मोहरा राखीत बसला! कथेचा प्रवास हा असा असतो.

मग पडद्यावर बदलते काय? ‘ड्रॅक्युला’चे उदाहरण घ्या. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या कादंबरीतील रक्तपिपासू उमराव दिवसाउजेडीही हिंडू शकतो. १९२२ साली जर्मनीत मुर्नाऊ यांनी तीच कथा, परवानगी न घेता, नावे बदलून पडद्यावर आणली. स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. तरी तो चित्रपट वाचला. त्यात सूर्यकिरण पडताच पिशाच नाहीसे होते. आज जगातील पोरेसोरेही सांगतात की असली पिशाचे उन्हाने मरतात. परंतु हा नियम कादंबरीचा नव्हे, त्या चित्रपटाचा. पडद्याला प्रकाश हवा होता, त्याने शेवटही प्रकाशाचाच केला.

‘तुंबाड’मध्ये बदल याहून खोल आहे. ‘आजी’चे बीज एका घरातले, एका मुलाच्या मनातले. चित्रपटाने तिला १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत पसरले आणि आजी ही केवळ उंबरठा केली. तिला साखळदंडात खिळविणारी हाव मुलगा पाहतो, घाबरतो, आणि मोठा होऊन त्याच हावेपायी परत येतो. भय आता म्हातारीचे राहत नाही. ते आपल्याच मुठीचे होते.

सप्टेंबर २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा माझी नात मला घेऊन गेली. चित्रपट कल्पनेचे पंख छाटतो, हे आम्हां पुस्तकवाल्यांचे जुने गाऱ्हाणे मनात घोळवीतच मी बसलो होतो. पडद्यावर आजी आली. भयंकर होती, परंतु ती ‘ती’ होती. तिचा चेहरा ठरलेला होता, सर्वांना एकच. तत्क्षणी मला माझी चूक उमगली. मी वर्गात कथा सांगितली तेव्हा आजीला चेहरा दिला नव्हता. आणि ज्याच्या घरी आजी निजलेली होती, त्याने तो आपल्या घरातून आणला. पुस्तकाचे सामर्थ्य ते हेच, आणि त्याचा धोकाही हाच. चित्रपट भयाला एक मुखवटा देऊन कल्पनेला वेसण घालतो हे खरे. परंतु त्यामुळे आपल्या आजीला तो मोकळी सोडतो.

चित्रपटात त्या मुलावर आजीला जेवू घालण्याची पाळी येते. ते पाहताना मला त्या संध्याकाळची आठवण झाली. बाई शाळेत आल्या त्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेलो होतो. म्हातारीशेजारी बसलो, तिला चमच्याने पेज भरविली, नातवाला हाक मारली. तो उंबरठ्यापर्यंत आला; आत आला नाही. दोन महिन्यांनी म्हातारी गेली.

आता माझाही म्हातारपणाचा उंबरठा आला. कथा सांगू नका, असे मी म्हणणार नाही. मात्र सांगून झाल्यावर दिवा लावावा आणि मुलाला हाताशी धरून आतल्या खोलीत न्यावे. रेडिओही चेहरा न देणाऱ्या शब्दांचेच माध्यम आहे. म्हणूनच आज मी आपणांला ती कथा पुरी सांगितली नाही.

नमस्कार.