तरवडीचा छापखाना
(महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



माझ्या घरी एक जुना कागद आहे. त्यावर आजोबांचा अंगठा आहे. वर काय लिहिलंय ते त्यांना शेवटपर्यंत वाचता आलं नाही. लिहिणाऱ्यानं वाचून दाखवलं, तेवढंच त्यांना कळलं. एम.ए. होईपर्यंत मीही तो कधी नीट वाचला नव्हता. आज मुकुंदराव पाटलांबद्दल बोलायला उभी राहिले, ती त्या अंगठ्यामुळे.

मुकुंदराव १८८५ साली जन्मले. त्यांचे वडील कृष्णराव भालेकर म्हणजे जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी. १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' सुरू करणारे ते हेच. ब्राह्मणेतरांचं ते पहिलं मराठी वृत्तपत्र. ते सुरू झालं तेव्हा दख्खनेत भीषण दुष्काळ होता. त्याच दुष्काळावर भालेकरांनी 'बळीबा पाटील' ही कादंबरी लिहिली. ती 'दीनमित्र' नावाच्या मासिकात छापून आली. हे मासिक गणपतराव पाटलांनी १८८८ साली काढलं होतं. गणपतराव तरुणपणीच गेले. भालेकरांचा मुलगा मुकुंद त्यांच्या घरात दत्तक गेला आणि १९१० साली त्यानं 'दीनमित्र' पुन्हा सुरू केलं, या वेळी साप्ताहिक म्हणून.

आता पत्ता ऐका. पुणे नाही, मुंबई नाही. अहमदनगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, नेवासे तालुका, गाव तरवडी. त्या खेड्यातून हे साप्ताहिक १९६७ पर्यंत, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं निघालं. खिळे जुळवायचे, कागद आणायचा, अंक टपालात टाकायचा, वर्गणीची वाट बघायची, हे सगळं गावात बसून.

गावातच का? त्या काळच्या गावात लेखणी कुणाच्या हातात होती ते बघा. जमिनीचं दप्तर कुलकर्ण्याकडे, कर्जाची वही सावकाराकडे. शेतकऱ्याचं आयुष्य या दोन वह्यांत लिहिलेलं, आणि दोन्ही त्याला वाचता येत नव्हत्या. मुकुंदरावांनी 'कुलकर्णी लीलामृत' आणि 'शेठजी प्रताप' लिहिलं, ते याच दोन वह्यांवर. 'लीलामृत' ओव्यांमध्ये आहे. पोथी ऐकायची सवय गावाला होतीच. त्यांनी तीच चाल घेतली आणि आत कुलकर्ण्याच्या करामती भरल्या. ज्याला वाचता येत नाही, तोही ऐकून हसेल. हसला की भीती थोडी कमी होते. शेतीचं राजकारण म्हटलं की आपल्याला निवडणूक आणि साखर कारखाना आठवतो. मला वाटतं, हा हिशेब उघड करणं हे त्याआधीचं राजकारण आहे.

आता जरा अवघड बोलते. माझ्या आजोबांचा तो कागद जमिनीचा नव्हता, उचलीचा होता. आमच्या नावावर सातबारा कधीच नव्हता. आजी दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. म्हणून 'शेतकरी' हा शब्द ऐकला की मी विचारते, यात आम्ही कुठे? चावडीवर 'दीनमित्र' वाचला जात असेल, तर महारवाड्यातला माणूस तो कुठे उभा राहून ऐकत असेल?

हा प्रश्न माझ्या आधी बाबासाहेबांनी विचारलाय. ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात ते 'दीनमित्र'चं नाव घेतात. 'जागरूक', 'विजयी मराठा' अशा पत्रांसोबत. या पत्रांत आमच्या प्रश्नांची चर्चा होते, हे ते मोकळेपणानं मान्य करतात. पण त्या पत्रांपुढे आणखीही बरेच प्रश्न आहेत, तिथे आम्हाला पुरेशी जागा मिळणार नाही, म्हणून स्वतंत्र पत्र हवं, असं ते सांगतात. मला ही नोंद फार मोलाची वाटते. तिच्यात कृतघ्नपणा नाही आणि भाबडेपणाही नाही. आपल्या चळवळीतल्या आधीच्या माणसांकडे कसं बघावं, ते मी तिथून शिकले. मुकुंदरावांचं ऋण मानायचं, आणि त्यांच्या अंकात कुणाला जागा उरली नाही तेही मोजायचं.

आपण इथे बसलेले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. सुट्टीत घरी गेलं की शेजारची बाई कागद घेऊन येते. रेशनकार्डाचं काहीतरी असतं, बँकेची नोटीस असते, जातीच्या दाखल्यातली चूक असते. "बाळा, यात काय लिहिलंय बघ गं." मला आधी याचा कंटाळा यायचा. माझा प्रबंध राहिलाय आणि ही कामं कसली, असं वाटायचं. आता वाटतं, त्या क्षणी गावाची लेखणी माझ्या हातात असते. मी घाईनं दोन ओळी सांगून उठले, तर मी नवी कुलकर्णीण.

म्हणून एवढंच करा. पुढच्या वेळी कागद पूर्ण वाचून दाखवा. अर्ज तिच्यासमोर लिहा, आणि तिच्याच शब्दांत लिहा. आणि तिला सही करायची असेल, तर शाईचा डबा बाजूला ठेवून तेवढा वेळ थांबा.

जय भीम.