घराचा हक्क आणि गावाची वेस
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज मी आपल्यापुढे छत्तीस घरांचा प्रश्न मांडणार आहे. तो अमेरिकेतील आहे, पण आपल्याला परका नाही. परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. जात कळताच त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले. दार बंद करण्याचा दुसराही एक मार्ग असतो. त्यात कुणाला जात विचारावी लागत नाही, वर्णही विचारावा लागत नाही. फक्त नियम करावा लागतो.

न्यू जर्सी राज्यात फिलाडेल्फिया शहराजवळ माउंट लॉरेल नावाचे गाव आहे. तेथे काही कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली होती. पुढे मोठे रस्ते झाले, सुखवस्तू लोकांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि जमिनीला भाव आला. गरिबांची घरे मात्र मोडकळीस आली होती. काहींनी तर कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांत संसार थाटले होते. राहण्यास अयोग्य म्हणून ही घरे पाडली जाऊ लागली, पण त्या माणसांनी जायचे कुठे, याचे उत्तर कुणाकडे नव्हते.

एथेल लॉरेन्स या बालवाडीच्या शिक्षिका, नऊ मुलांची आई. त्यांनी व त्यांच्या शेजाऱ्यांनी परवडतील अशा ३६ सदनिकांची योजना मांडली. पण गावाच्या नियमाप्रमाणे एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे स्वतंत्र घर बांधता येत असे. सदनिकांना मनाई होती. १९७० साली चर्चमध्ये भरलेल्या सभेत नगराध्यक्षांनी सांगितले, की ज्यांना येथे राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडून जावे. ज्यांच्या पूर्वजांनी त्या मातीत घाम गाळला, त्यांनाच हे उत्तर मिळाले!

मित्रहो, त्या नियमात काळा-गोरा हा शब्द कुठेही नव्हता. पण जमिनीचा आकार आणि घराचा प्रकार ठरवला, की गावात कोण राहणार हे आपोआप ठरते. गावाची वेस दगडाचीच असते असे नाही. ती नकाशावरही आखता येते.

१९७१ साली खटला दाखल झाला. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की आपल्या भागातील गरिबांच्या घरांच्या गरजेचा न्याय्य वाटा प्रत्येक वाढत्या गावाने उचललाच पाहिजे. गावाने काय केले? हजारो एकरांपैकी सुमारे २० एकर, तेही गैरसोयीची जागा, या कामासाठी दाखवली. न्यायालयाचा शब्द पाळला, अर्थ बुडवला. १९८३ साली न्यायालयाने पुन्हा कडक निर्णय दिला : गाव टाळाटाळ करीत असेल आणि बिल्डर काही घरे अल्प उत्पन्न गटासाठी राखत असेल, तर त्याला न्यायालयामार्फत परवानगी मिळू शकेल. १९८५ साली कायदा झाला, पण त्यातही पळवाट राहिली. आपल्या वाट्यातील निम्म्यापर्यंत घरे पैसे देऊन दुसऱ्या गावाच्या गळ्यात घालता येत असत. ही सोय २००८ साली रद्द झाली.

एथेल लॉरेन्स १९९४ साली वारल्या. १९९७ साली योजनेला मंजुरी मिळाली आणि २००० साली पहिली कुटुंबे राहायला आली. पुढे घरांची संख्या १४० झाली. वसाहतीला त्यांचे नाव दिले गेले. घर पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

मंजुरीच्या वेळी विरोधकांच्या शंका काय होत्या? गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, कर वाढेल, शाळांवर ताण येईल. शंका घेणाऱ्या प्रत्येकाला दुष्ट म्हणू नये. आयुष्याची कमाई घरात घातलेल्या माणसाला भीती वाटते. पण भीती म्हणजे पुरावा नव्हे. डग्लस मॅसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या तशाच गावांशी तुलना करून अभ्यास केला व तो २०१३ साली प्रसिद्ध केला. गुन्हे, किमती, कर यांवर त्या वसाहतीचा वाईट परिणाम झालेला दिसला नाही. उलट राहायला आलेल्यांची कमाई सुधारली, मुलांना चांगल्या शाळा आणि अभ्यासाला निवांतपणा मिळाला. शेजारच्या कित्येकांना तर अशी वसाहत जवळ आहे याची कल्पनाही नव्हती! ज्या भीतीने तीस वर्षे खाल्ली, तिचे शेवटी एवढेच उरले.

विद्यार्थी मित्रांनो, यातून काय घ्यायचे? २०१३ साली महाराष्ट्र शासनानेही मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर काही बांधकाम लहान घरांसाठी ठेवण्याची अट आणली. अशी अट कागदावर आहे की जमिनीवर, हे पाहणारे डोळे लागतात. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की तो वाचा. हरकती-सूचनांची मुदत चुकवू नका. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. सुनावणीला एकटे जाऊ नका, वस्तीला बरोबर घ्या. शंका घेणाऱ्यापुढे आकडे ठेवा, शिवी नको.

आणि उशीर हा सुद्धा नकारच असतो, हे विसरू नका. छत्तीस घरे मागणाऱ्या माणसांची मुले तोवर मोठी होऊन निघून गेलेली असतात. म्हणून जो प्रश्न आज विचारायचा, तो आजच विचारा.