पोरींच्या शाळेची फेरी आणि बचतीचा खरा हिशोब

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सोयाबीनची सोंगणी तोंडावर आहे, घरी कामं पडली आहेत, तरी तुम्ही आलात. म्हणून जास्त वेळ घेत नाही. एकच विषय मांडते, शाळेच्या वेळेची एसटी.

"फेरी तोट्यात आहे, भारमान कमी आहे, बंद करा." हे वाक्य आपल्या भागाला नवीन नाही. धारणी-चिखलदऱ्याचा डोंगर असो की दर्यापूर-तेल्हाऱ्याचा खारपाणपट्टा, पैसा वाचवायची वेळ आली की पहिली नजर आडगावच्या फेरीवर जाते. आज आपण पाहू, की ही फेरी बंद केल्यानं खरंच पैसा वाचतो का? आणि वाचला तर कोणाचा?

आधी एक गोष्ट खरी बोलू. एसटीचा तोटा खोटा नाही. २०२५ च्या जूनमध्ये एसटीची श्वेतपत्रिका निघाली. साठलेला तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेल्याचं त्यातून समोर आलं. त्याच वर्षी जानेवारीत तिकीट जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं. गाड्या जुन्या झाल्या, डिझेल महाग झालं. आपण बचत गटाच्या बाया आहोत. वहीत तूट दिसली की ती भरून काढायची, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. त्यामुळे "आमच्या गावची गाडी कायम चालू ठेवा, पैशाचं तुमचं तुम्ही पाहा," असं मी म्हणणार नाही.

पण आपल्याला वही वाचताही येते. गटाच्या वहीत एका पानावरचा खर्च खोडला आणि तो दुसऱ्या पानावर लिहिला, तर त्याला बचत म्हणत नाहीत. शाळेच्या फेरीचं तेच होतं. समजा, गाडी बंद झाली आणि पोरगी ऑटोनं जाऊ लागली. जायचे वीस, यायचे वीस. दिवसाचे चाळीस. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर हजार रुपये. दहा महिन्यांचे दहा हजार. आता तुमची बचत पाहा. महिन्याला शंभर टाकता, तर वर्षाचे बाराशे होतात. म्हणजे एका पोरीच्या एका वर्षाच्या ऑटोत आईची आठ वर्षांची बचत गेली! अशा तीस पोरी गावात असल्या, तर वर्षाला तीन लाख रुपये गावातून गेले. सरकारी वहीत डिझेल वाचलेलं दिसेल. आपल्या तीन लाखांचं पान मात्र कोणत्याच वहीत नाही.

आणि ज्या घरात हे दहा हजार नाहीत, तिथं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पोराले मोटारसायकल भेटते, पोरीले घरी बसवतात. "काय करतं माय, पाठवू कशी? रस्त्यात नाला हाय, येता येता अंधार पडते." हे बोलणारी आई वाईट नसते, तिच्यापुढं दुसरा मार्ग नसतो. शाळा सुटली की वर्षा-दोन वर्षांत स्थळ येतं. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या शंभर बायांपैकी जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. त्याची कारणं पुष्कळ आहेत, सगळं गाडीवर ढकलता येणार नाही. पण शाळेत जाणाऱ्या पोरीचं लग्न घरचे पुढं ढकलतात आणि घरी बसलेलीचं ढकलत नाहीत, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आता पासाचं गणित समजून घ्या, कारण खरी मेख इथंच आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे. मुलांना पासासाठी साधारण तिसरा हिस्साच भाडं लागतं. १७ मार्च २०२३ पासून आपल्या सगळ्या बायांना अर्धं तिकीट आहे. ही सूट एसटीनं पदरची द्यायची नसते, ती रक्कम शासनानं एसटीला द्यायची असते. म्हणून पोरींनी भरलेल्या गाडीत कंडक्टरच्या बॅगेत पैसा कमी दिसतो, पण ती गाडी रिकामी नसते. कोणी म्हटलं की "या फेरीचं उत्पन्न नाही," तर आपला पहिला सवाल हा पाहिजे: साहेब, पासवाल्या पोरी मोजल्या का? त्यांच्यापायी शासनाकडून येणारा पैसा या फेरीच्या नावावर धरला का?

दुसरा सवाल वेळेचा. शाळा साडेदहाला भरते आणि गाडी गावात सव्वादहाला येते. पोरी उशिरा पोहोचतात, म्हणून पायी नाही तर ऑटोनं जातात. मग गाडीत माणूस दिसत नाही. कागदावर भारमान कमी येतं आणि फेरी बंद करायचा विचार सुरू होतो. म्हणजे चुकली वेळ आणि दोष आला गावावर. अशी फेरी वीस मिनिटं अलीकडे घेतली तर भरू शकते. त्याला जादा डिझेल लागत नाही.

गाडी नसली की काय होतं, ते आपण एकदा भोगलंही आहे. कोरोनानंतर ४ ऑक्टोबर २०२१ ला खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा उघडल्या आणि त्याच महिन्याच्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांच्या मागण्या त्यांच्या जागी होत्या, त्यात मी जात नाही. पण दीड वर्ष घरी बसलेल्या पोरींची शाळा उघडली आणि गाडी थांबली. शहराच्या पोराले त्याचा फरक पडला नाही, फरक पडला तो खेड्याला.

गाडीनं काय होऊ शकतं, हेही शासनाला माहीत आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या २३ जिल्ह्यांतले मागास १२५ तालुके घेतले. मुलींना शाळेत न्यायला त्या तालुक्यांना सुरुवातीला पाच-पाच निळ्या गाड्या दिल्या, जवळच्या मुलींना सायकली दिल्या. बिहारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकल द्यायला सुरुवात केली. पुढं अभ्यासकांनी तपासलं, तर हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या जवळपास तिसऱ्या हिश्शानं वाढलेली निघाली. ज्या गावांपासून शाळा लांब होती, तिथं हा फरक जास्त होता. पोरीची हुशारी तीच, घरची गरिबी तीच. बदललं ते फक्त अंतर.

आपल्या वऱ्हाडात हे जुनंच शहाणपण आहे. भाऊसाहेब म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. खेड्यातल्या कास्तकाराचं पोरगं शहरात राहील कुठं, याचाही त्यांनी विचार केला आणि वसतिगृह चालवलं. शाळा काढली म्हणजे काम झालं असं त्यांनी मानलं नाही, पोरगं शाळेपर्यंत पोहोचेल कसं हेही पाहिलं. पोरीसाठी ते काम आज एसटी करते. संध्याकाळी ती घरी परत येते, म्हणून बाप सकाळी पाठवतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार २०२३ पासून पुढं आला आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात चौदा हजारांवर होत्या, त्यातल्या पुष्कळ दूरच्या खेड्यांत. गावची शाळा बंद झाली तर पोरांना गाडीनं नेऊ, असं सांगितलं जातं. मग एका हातानं शाळा लांब करायची आणि दुसऱ्या हातानं गाडी कमी करायची, असं कसं चालेल बाप्पा? आधी गाडीची हमी लेखी द्या, मग शाळेचं बोला.

मग सगळ्याच फेऱ्या चालू ठेवायच्या का? नाही. दुपारची रिकामी फेरी कमी करा, आमची हरकत नाही. दोन शेजारच्या गावांची एक गाडी होत असेल तर करा. लहान गाडी पाठवा. पण शाळेत नेणारी सकाळची आणि परत आणणारी संध्याकाळची, या दोन फेऱ्यांना हात लावू नका. यात्रेला, लग्नसराईला गाड्या काढल्या तरी या दोन सोडून काढा.

आता आपलं काम. आपल्या दशसूत्रीत शिक्षण आहे, पंचायतीत सहभाग आहे, हिशोब तर आहेच. तर येत्या महिन्यात प्रत्येक ग्रामसंघानं हे करावं:

पहिलं, यादी. पाचवी ते बारावीची कोणती मुलगी कोणत्या शाळेत, किती किलोमीटरवर, पास आहे की नाही. शाळा कशानं सुटली तेही लिहा. पास नसेल तर मुख्याध्यापकांना भेटा. २०२४ पासून पास शाळेतच द्यायची सोय सुरू केली आहे.

दुसरं, नोंद. एक महिना गाडीची वेळ लिहा. कधी आली, कधी आली नाही, किती पोरी चढल्या. गटाची वही लिहिणारी ताई हे सहज करते.

तिसरं, ठराव. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा असते. तिथं ठराव घ्या, मग ग्रामसभेत मांडा.

चौथं, भेट. शाळेचं वेळाचं पत्र, यादी, नोंद आणि ठराव घेऊन आगार व्यवस्थापकांकडे जा. तिथं नाही जमलं तर विभाग नियंत्रकांकडे. एकटी जाऊ नका, चार गावच्या मिळून जा. भांडायला जाऊ नका, हिशोब दाखवायला जा. पोचपावती घेतल्याशिवाय परतू नका. आणि हे जूनच्या आधी करा, शाळा उघडल्यावर धावपळ नको.

कंडक्टर-ड्रायव्हर दादाही आपलेच आहेत. आडगावच्या पोरींसाठी दोन मिनिटं थांबणारे पुष्कळ आहेत. त्यांनाही या कामात सोबत घ्या.

बायांनो, दहा-वीस रुपयांपासून आपण बचत सुरू केली, तेव्हा लोक हसले होते. आज बँक आपल्याला खुर्ची देते, कारण आपला हिशोब चोख आहे. पैसा वाचवायला आपला विरोध नाही. पण पोरीचं शिक्षण खर्ची टाकून जे वाचतं, ते पुढच्या पिढीच्या नावावर काढलेलं कर्ज आहे, आणि त्याचं व्याज आपल्या लेकी फेडतात. ते कर्ज आपण मंजूर करायचं नाही.

जय जिजाऊ, जय सावित्री!