ढगाळ दिवशी पाण्यावरचे फोटो

निर्मळच्या बचत गटांतर्फे आम्ही बोलतो आहोत.

पावसाळी दिवसांत पोरींच्या पोहण्याचे, होड्यांचे फोटो काढले की काळपट आणि फिसकटलेले येतात, मग नवा मोबाइल घ्यावा का, असं बैठकीत पुष्कळ जणी विचारतात. घ्यायची घाई नको. आधी उजेडाचा हिशेब समजून घेऊ, कर्जाच्या हप्त्यापेक्षा तो सोपा आहे.

आपल्या राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा तिथे पाण्यातले खेळ नकोतच. भर पावसाळ्यात खेळ रंगतो तो रायगड जिल्ह्यात, कोलाडजवळ कुंडलिका नदीवर. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं आणि सकाळी ते नदीत सुटलं की त्या प्रवाहावर रबरी तराफे सोडतात. हेल्मेट, नारिंगी जॅकेट, हातात वल्हं, आणि वर काळं आभाळ. आजचा धडा त्या तराफ्यावरच घेऊ.

समजा तराफा ताशी 15 किलोमीटर वेगाने चालला आहे. म्हणजे सेकंदाला चार मीटरच्या थोडा वर. उजेड कमी असला की मोबाइल आपल्या मनाने शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. ते सेकंदाचा साठावा भाग उघडं राहिलं तर तेवढ्यात तराफा 7 सेंटिमीटर पुढे सरकतो, आणि फोटोत बाईच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पट्टा येतो. तेच शटर सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटलं तर तराफा सरकतो जेमतेम 4 मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याहूनही कमी. मग पाण्याचा थेंबसुद्धा हवेत थांबलेला दिसतो.

पण शटर लवकर मिटलं की उजेडही कमी आत येतो. शटर 125 वरून 1000 वर नेलं तर उजेड आठवा हिस्सा उरतो. तो भरून काढायला आयएसओ नावाचा आकडा आठपट करायचा, 200 असेल तर 1600. फोटोत थोडी रवाळ खर येते. येऊ द्या. रवाळ चेहरा ओळखता येतो, फिसकटलेला येत नाही. बऱ्याच मोबाइलमध्ये ‘प्रो’ नावाच्या कप्प्यात हे दोन्ही आकडे हाताने बदलता येतात. हजार जमत नसेल तर निदान 500 ठेवा. रात्रीच्या फोटोची सोय मात्र बंद करा, ती शटर मुद्दाम जास्त वेळ उघडं ठेवते. फ्लॅशही नको. तो तराफ्यापर्यंत पोचत नाही, जवळचे पावसाचे थेंब तेवढे चमकतात. प्रो कप्पा नसेल तर चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि बाजूला दिसणारं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. आभाळाचा नि फेसाचा पांढरेपणा पाहून कॅमेरा फसतो, चित्र काळं करतो. पण फेस अगदी चुन्यासारखा सपाट दिसायला लागला तर परत खाली या.

ढगांचा फायदाही आहे बरं का. भर उन्हात हेल्मेटखाली अर्धा चेहरा काळा पडतो, पाणी डोळ्यांत चमकतं. ढगाळ दिवशी उजेड सगळीकडून सारखा येतो, चेहरा स्वच्छ आणि नारिंगी रंग ठसठशीत. फक्त राखाडी आभाळ चौकटीत घेऊ नका. थोडं उंचावर उभं राहून मागे हिरवा काठ येऊ द्या.

वेळ साधणं हे खरं काम. तराफ्याच्या मागे धावण्यापेक्षा पाणी जिथे उसळतं ती जागा आधी हेरा, प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभ्या राहा, म्हणजे चेहरे समोरून येतील. तराफा तिथे शिरायच्या आधीच सलग फोटो सुरू करा. पोहणारी मुलगी श्वास घ्यायला कोणत्या बाजूला तोंड वळवते ते दोन हातांत कळतं, त्याच बाजूला थांबा. झूम वाढवू नका, नंतर कापून घ्या. आणि काच पुसायला कोरडं सुती फडकं पदराला बांधून ठेवा. निम्मे धूसर फोटो ओल्या काचेमुळेच येतात.

होमाई व्यारावाला 1913 साली नवसारीला जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या, आणि साडी नेसून जड कॅमेरा खांद्यावर घेऊन देशभर फिरल्या. पहिल्या भारतीय स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपल्या हातात तर पावशेराचा मोबाइल.

आता जरा नाजूक बोलू. ओल्या कपड्यांतल्या बाईचा फोटो कितीही सुंदर आला तरी तो तिचा आहे. आधी विचारा, काढल्यावर दाखवा, ती नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसा. मुलींच्या बाबतीत मुलीलाही विचारा आणि तिच्या आईलाही. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच टाकू नका, जिचा तिलाच पाठवा. एका फोटोवरून पोरीचं पोहणं घरच्यांनी बंद केल्याचं आम्ही पाहिलं आहे, आणि ती पोर चांगली पोहायची. पर्यटकांचे फोटो काढून चार पैसे मिळवू पाहणाऱ्यांनी तर हा नियम आधी पाळावा. बाई फोटोवालीला बायका विश्वासाने बोलावतात, पुरुषाला तसं बोलावत नाहीत.

शेवाळलेल्या खडकावर, पाण्याच्या मधल्या दगडावर उभं राहायचं नाही. पाणी सोडलं की नदी चढते. काठाजवळ असाल तर जॅकेट तुम्हीही घाला, आणि नजर मोबाइलमध्ये असेल तेव्हा एक मैत्रीण मागे उभी ठेवा. मोबाइल पारदर्शक पिशवीत, काचेपुरतं भोक ठेवून. कोलाडला जायचं तर पाणी सकाळचं असतं, म्हणून बॅटरी आदल्या रात्रीच भरून ठेवा.